ख्रिस्ती संगीताच्या स्वरलेखांचें जतन

धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेंत देवळाच्या पायाभरणीची हकीकत, आजवरच्या धर्मगुरूंची नामावली आणि उदार दात्यांचे आभार हा मजकूर असावयाचाच, आणि या पुस्तिकेंतही तो अन्यत्र आलेला आहे. आम्हांस मात्र प्रस्तुत लेखांत एका निराळ्या भांडाराविषयीं लिहावयाचें आहे. महोत्सवाच्या मिस्साबलीच्या वेळीं आपला गायकवृंद पालेस्त्रीनाचें ‘सिकुत चेर्वुस’ आणि विल्यम बर्डचें ‘आवे वेरुम कोर्पुस’ हीं दोन गीतें चार आवाजांत गाणार आहे. या गीतांचे कागद कोणत्याही दुकानांतून विकत आणलेले नाहींत, किंवा परदेशांतून टपालानें आलेले नाहींत. गायकवृंदाच्या प्रमुखांनीं ते आंतरजालावरील विनामूल्य ग्रंथालयांतून उतरवून घेतले, गायकसंख्येइतक्या प्रती छापल्या, आणि हें सर्व काम अर्ध्या तासांत उरकलें.

पूर्वीं हेंच काम किती कष्टाचें होतें, हें जुन्या गायकांस विचारावें. एखादी छापील प्रत कोठून तरी मिळवावयाची, आणि तिच्यावरून प्रत्येक आवाजाचें पान हातानें उतरून घ्यावयाचें, हा क्रम कित्येक वर्षें चालला. त्या मानानें आजची सोय एवढी मोठी आहे कीं, जें आंतरजालावर चढलें तें अक्षय झालें, अशी समजूत सहजच होऊन बसते. ती समजूत खरी नाहीं. अशीं ग्रंथालयें बंद पडूं शकतात व पडलींही आहेत. आणि त्यांतील ठेवा जो टिकला तो दुसऱ्या कोणापाशीं दुसरी प्रत होती म्हणूनच. किंबहुना ख्रिस्तसभेच्या संगीताचा इतिहास पाहिला तर त्याचें टिकणें पूर्वींपासून असेंच होत आलें आहे. तो इतिहास सांगतांना आम्हांस प्रथम पांचशें वर्षांपूर्वींच्या व्हेनिस नगरींत जावें लागेल. कारण या ग्रंथालयांपैकीं सर्वांत मोठ्या ग्रंथालयानें तेथील एका मुद्रकाचें नांव धारण केलें आहे. पांच रेघांवर मांडलेल्या पाश्चात्य स्वरलिपीच्या पानांस आम्ही पुढें सर्वत्र ‘स्वरलेख’ असें म्हटलें आहे.

तो मुद्रक म्हणजे ओत्ताव्यानो पेत्रुच्ची. त्यानें १५०१ सालीं ‘हार्मोनिचे मुसिचेस ओधेकातोन’ या नांवाचा अनेक आवाजांच्या गीतांचा संग्रह छापून प्रसिद्ध केला. सुट्या खिळ्यांनीं छापलेला अशा संगीताचा हा पहिला ग्रंथ समजला जातो. एकाच कागदावर रेघांचा, स्वरांचा व अक्षरांचा ठसा निरनिराळा उमटवावा लागे, आणि ते ठसे केसभरही न चुकतां जुळावे लागत. पुढल्याच वर्षीं त्यानें जोस्कें दे प्रे या थोर रचनाकाराच्या मिस्सारचना छापल्या. परंतु त्या पहिल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीची एकही संपूर्ण प्रत आज उरलेली नाहीं. जी एक आहे तिचीं कांहीं पानें गहाळ आहेत. ग्रंथ आपणांस पुरा वाचावयास मिळतो तो पेत्रुच्चीनें १५०३ व १५०४ सालीं तो पुनः छापला म्हणून.

बर्डच्या गीताचें दैव याहून बिकट होतें. इंग्लंडांत कॅथलिक उपासनेस बंदी असतांना बर्डनें १६०५ सालीं ‘ग्रादुआलिया’ हा मिस्साच्या गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं पार्लमेंट उडवून देण्याचा कट उघडकीस आला आणि कॅथलिकांवर सरकारचा रोष भडकला. एका फ्रेंच गृहस्थास बर्डचीं पुस्तकें जवळ बाळगल्याबद्दल तुरुंगांत जावें लागलें. १६१० सालीं तो संग्रह पुन्हा प्रसिद्ध झाला. आपले गायक जें पान सहज हातांत धरतात तें एके काळीं जवळ बाळगणें हाच अपराध ठरला होता, हें त्यांस ठाऊक असावें म्हणून ही हकीकत येथें दिली.

आतां या इतिहासांतील जें प्रकरण आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतें त्याकडे वळतों. फ्रान्स देशांत सोलेम येथें बेनेडिक्टाइन संन्याशांचा मठ आहे. डॉम प्रॉस्पेर गेरांजे यांनीं १८३३ सालीं त्याचें पुनरुज्जीवन केलें. त्या काळीं देवळांतून जें ग्रेगोरियन गायन चाले तें पुष्कळ ठिकाणीं मूळ स्वरूपांत राहिलेलें नव्हतें. १६१४ सालच्या रोममधील एका आवृत्तींत प्राचीन चालींतील लांबलचक स्वरपंक्ती कातरून टाकण्यांत आल्या होत्या, आणि तिच्याच आधारानें जर्मनींतील रेगेन्सबुर्ग येथें छापलेल्या पुस्तकांस रोमचा विशेषाधिकार मिळालेला होता. सोलेमच्या संन्याशांचें म्हणणें असें कीं, प्राचीन चाली नष्ट झालेल्या नाहींत. त्या युरोपांतील ग्रंथालयांत चर्मपत्रांवर लिहिलेल्या आहेत, आणि निरनिराळ्या देशांतील हस्तलेख एकमेकांशीं आश्चर्य वाटावें इतके जुळतात.

परंतु हें म्हणणें नुसत्या शब्दांवर कोण मान्य करणार? त्यांनीं आपल्या हातानें उतरून घेतलेल्या प्रती पुढें केल्या असत्या, तर लिहिणारानें आपल्या मतास सोईस्कर तेवढें लिहिलें, असा आक्षेप आला असता. तेव्हां डॉम आंद्रे मॉकरो यांनीं कॅमेऱ्याचा आश्रय केला. १८८९ सालीं त्यांनीं ‘पालेओग्राफी म्युझिकाल’ ही ग्रंथमाला सुरू केली. तिच्या पहिल्या खंडांत स्वित्झर्लंडमधील संत गालच्या ग्रंथालयांतील ३३९ क्रमांकाच्या हस्तलेखाचीं छायाचित्रें पानोपान छापलीं. पुढील खंडांत त्यांनीं ‘युस्तुस उत पाल्मा’ हें एकच गीत घेऊन दोनशेंहून अधिक हस्तलेखांतील त्याचीं पानें वाचकांपुढें मांडलीं. ज्यास शंका असेल त्यानें स्वतः डोळ्यांनीं ताडून पाहावें! वादविवादांत विरुद्ध पक्षास असें निरुत्तर करण्याची उदाहरणें थोडींच. १९०३ सालीं दहावे पायस यांनीं पवित्र संगीताविषयीं आपलें आज्ञापत्र काढलें, आणि १९०८ सालीं व्हॅटिकनचा नवा ग्रादुआल प्रसिद्ध झाला तो प्राचीन चालींचा आधार घेऊनच. मध्यंतरीं १९०१ सालीं फ्रान्समधील नव्या कायद्यांमुळें या संन्याशांस मठ सोडून इंग्लंडच्या वाइट बेटावर जावें लागलें होतें, तरीही त्यांचें काम बंद पडलें नाहीं.

या मालेचा अकरावा खंड १९१२ सालीं निघाला. शार्त्र शहराच्या ग्रंथालयांतील ४७ क्रमांकाचा हस्तलेख त्यांत छायाचित्रांनीं दिलेला आहे. हा दहाव्या शतकांतील मिस्सागीतांचा ग्रंथ असून त्यांतील स्वरचिन्हें ब्रेतान्य प्रांताच्या पद्धतीचीं आहेत. तीं चिन्हें वापरलेले ग्रंथ मुळांतच थोडे. दुसरें महायुद्ध सुरू झालें तेव्हां शार्त्रचे हस्तलेख शहराबाहेर सुरक्षित जागीं नेण्यांत आले होते. परंतु पुढें जर्मन अधिकाऱ्यांच्या हुकुमावरून ते परत आणावे लागले. २६ मे १९४४ रोजीं शहरावर बाँब पडले, ग्रंथालयास आग लागली, आणि शेंकडों हस्तलेख जळाले. ४७ क्रमांकाचा ग्रंथ त्यांतच गेला.

आज जे विद्वान् ब्रेतान्य स्वरचिन्हांचा अभ्यास करतात त्यांच्यापुढें तो ग्रंथ आहे. पण तो १९१२ सालच्या त्या छापील खंडाच्या रूपानें. मॉकरो यांनीं छायाचित्रें घेतलीं तीं पुरावा म्हणून, भावी आगीचा विचार करून नव्हे. साक्षीदार म्हणून बोलावलेला मनुष्य वारसदार ठरावा, तसा हा प्रकार झाला. छायाचित्रांत चर्मपत्राचा रंग उतरत नाहीं, खोडलेल्या जागेखालचें अक्षर दिसत नाहीं, शाईचा पोत कळत नाहीं, ही हानि खरीच. म्हणून प्रत झाली कीं मूळ टाकून दिलें तरी चालेल, असें म्हणणारांशीं आम्ही सहमत नाहीं. शार्त्रच्या जळक्या पानांचे तुकडे संशोधक अजून जुळवीत आहेत, आणि त्यांचीं नवीं छायाचित्रें आतां आंतरजालावर ठेवलीं जात आहेत.

येथून आंतरजालावरील ग्रंथालयांचा काळ सुरू होतो. हीं ग्रंथालयें प्रारंभीं कोणा सरकारानें किंवा विद्यापीठानें उभारलेलीं नाहींत. एकेका हौशी व परोपकारी मनुष्याच्या श्रमांतून तीं उभीं राहिलीं. हाच त्यांचा मोठेपणा, आणि धोकाही येथेंच.

जर्मनींतील वेर्नर इकिंग या गृहस्थांनीं संगणकावर जुळविलेल्या स्वरलेखांचा एक मोठा संग्रह जमविला होता. ठिकठिकाणचे संगीतप्रेमी स्वतः अक्षर अक्षर जुळवून आपलें काम त्यांच्याकडे पाठवीत. २००१ सालच्या फेब्रुवारींत सायकलवरून जात असतां अपघात होऊन इकिंग वारले. एका माणसाच्या नित्य देखरेखीवर चालणारा संग्रह त्या माणसामागें किती दिवस टिकावा? सुदैवानें त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो सांवरला. डेन्मार्कमधील ख्रिश्चन मोंड्रुप यांनीं कित्येक वर्षें त्याची व्यवस्था पाहिली, आणि संग्रहास इकिंग यांचेंच नांव देण्यांत आलें. पुढें २०११ सालापासून तो पेत्रुच्चीच्या नांवाच्या ग्रंथालयांत विलीन करण्यांत आला. विलीन करणें म्हणजे तरी काय? एकेक फाइल उतरवून घ्यावयाची, तिची नोंद नव्या पद्धतीनें करावयाची, आणि ती नव्या घरीं नेऊन ठेवावयाची. जुन्या मठांतील लेखनिकाचेंच हें काम, फक्त बोरू तेवढा गेला.

गायकवृंदांच्या दृष्टीनें अधिक जवळचें ग्रंथालय म्हणजे ‘कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी’. रफाएल ऑर्नेस यांनीं १९९८ सालच्या डिसेंबरांत तें सुरू केलें, आणि २००५ सालीं त्यास असें रूप दिलें कीं कोणाही नोंदणीकृत स्वयंसेवकास त्यांत भर घालतां यावी व चुका दुरुस्त करतां याव्या. २००८ सालीं त्यांनीं सर्व व्यवस्था स्वयंसेवकांच्या मंडळाकडे सोंपविली. स्वतः जिवंत व धडधाकट असतांना चाव्या दुसऱ्यांच्या हातीं देणें हें शहाणपण विरळा; आपल्या गांवच्या किती मंडळांविषयीं असें म्हणतां येईल? या ग्रंथालयांत एक उणीव मात्र प्रारंभापासून होती. पुष्कळ स्वरलेखांची तेथें केवळ नोंद असे, आणि खरी फाइल ती तयार करणाराच्या खासगी पृष्ठावर असे. तो मनुष्य वारला, किंवा त्यानें वर्गणी भरण्याचें सोडलें, किंवा ज्या संस्थेनें फुकट जागा दिली होती तिनेंच गाशा गुंडाळला, कीं नोंद तशीच राही आणि फाइल मात्र नाहींशी होई. २००९ सालीं जिओसिटीज ही फुकट जागा देणारी मोठी वसाहत बंद झाली, तेव्हां असंख्य लोकांचीं पृष्ठें एकदम लोपलीं. देवळाच्या नोंदवहींत बाप्तिस्म्याचें नांव असावें पण त्या घराण्याचा मागमूसही नसावा, तशी या नोंदींची गत होते. म्हणून तेथील स्वयंसेवक आतां फाइल ग्रंथालयाच्याच सर्व्हरवर ठेवण्याचा आग्रह धरतात, आणि तो योग्यच आहे.

आतां पेत्रुच्चीच्या नांवाचें ग्रंथालय. एडवर्ड ग्वो नांवाच्या संगीताच्या एका तरुण विद्यार्थ्यानें २००६ सालच्या फेब्रुवारींत तें कॅनडांतून सुरू केलें. जुन्या छापील स्वरलेखांचीं पानें यंत्रानें टिपून कोणींही तेथें ठेवावीं, व कोणींही तीं उतरवून घ्यावीं, अशी योजना. दीड वर्षांत पंधरा हजारांच्या आसपास स्वरलेख गोळा झाले. कॅनडांत तेव्हां रचनाकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षांनीं रचना सर्वांस मोकळी होई; युरोपांत त्यास ७० वर्षें लागत. या वीस वर्षांच्या फरकांत अनेक मोठ्या रचनाकारांच्या कृती सांपडतात. व्हिएन्ना येथील युनिव्हर्सल एडिशन या प्रकाशनसंस्थेनें वकिलांमार्फत नोटिसा दिल्या, आणि न्यायालयांत लढण्यास लागणारा पैसा विद्यार्थ्याजवळ नसल्यामुळें १९ ऑक्टोबर २००७ रोजीं त्यानें ग्रंथालयाचें दार लावून घेतलें.

येथें थोडें थांबून विचार केला पाहिजे. प्रकाशकाची बाजू अगदींच टाकाऊ आहे असें आम्हांस वाटत नाहीं. रचनाकार व त्याचीं मुलेंबाळें यांचा निर्वाह या हक्कांवर चालतो. आणि विकत घेतलेल्या एका पुस्तकाच्या प्रती काढून सर्व गायकवृंदास वाटण्याची जी चाल आपल्याकडे सर्रास आहे, तिचें समर्थन कोणत्याही न्यायानें होणार नाहीं. परंतु या तंट्यांत जे स्वरलेख वादांतील नव्हते, ज्यांचे रचनाकार तीनशें-चारशें वर्षांपूर्वीं मातीस मिळाले होते, तेही एका दारामागें कोंडले गेले. शार्त्रप्रमाणें येथें आग लागली नव्हती. एकही पान जळलें नव्हतें. तरीही आठ महिन्यांहून अधिक काळ पालेस्त्रीना व बाख तेथें कोणासही मिळाले नाहींत. ठेवा एकाच ठिकाणीं, एकाच मनुष्याच्या नांवें आणि एकाच देशाच्या कायद्याखालीं असला, म्हणजे त्यास गमावण्यास आगीचीही गरज नसते.

ग्रंथालय ३० जून २००८ रोजीं पुन्हा उघडलें. प्रत्येक कृती कोणत्या देशांत मोकळी आहे हें तपासण्याची काटेकोर पद्धत आतां त्यास जोडली होती. २०११ सालच्या एप्रिलांत पुन्हा एक अडथळा आला. राख्मानिनोव्हच्या ‘द बेल्स’ या रचनेसंबंधीं ब्रिटनमधील संगीतप्रकाशकांच्या संघानें तक्रार केली, ती ग्रंथालयाचें आंतरजालावरील नांव नोंदविणाऱ्या कंपनीकडे. आणि कंपनीनें नांवच काढून घेतलें. फायली जागच्या जागीं, सर्व्हर चालू, पण पाटी उतरविल्यामुळें वाट सांपडेना! ही अडचण लवकरच मिटली. आज त्या ग्रंथालयांत दोन लक्षांहून अधिक कृतींचे स्वरलेख आहेत.

प्रती ठेवावयाच्या त्या कशा, याविषयीं थोडें व्यवहाराचें लिहितों. ज्यांस संगणकाचा कंटाळा असेल त्यांनीं हा भाग सोडून पुढें वाचावें. जाणकारांचा साधा नियम असा कीं, मुळासह तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या गांवीं असावी. एकाच कपाटांतील दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत. छत गळलें तर दोन्ही एकदम भिजतात. दुसरें असें कीं, मूळ संग्रहाशीं आपोआप जुळवून घेणारी जोडप्रत ही खरी राखणप्रत नाहीं. मुळांत चुकून एखादी फाइल पुसली गेली तर जोडप्रतींतूनही ती आज्ञाधारकपणें पुसली जाते. म्हणून जुन्या तारखांच्या प्रती निराळ्या ठेवाव्या लागतात. तिसरी गोष्ट तपासणीची. डिस्क कपाटांत ठेवून दिली म्हणजे ती चांगली राहते असें नाहीं. आंतील एखादें चिन्ह न कळत बदलतें आणि पान उघडेनासें होतें. यासाठीं प्रत्येक फाइलीवरून गणितानें एक लांब आकडा काढून लिहून ठेवतात. पुन्हा काढलेला आकडा जुन्याशीं जुळला तर फाइल जशीच्या तशी आहे. एक बिंदु जरी बदलला तरी आकडा सर्वस्वीं निराळा येतो. नोंदवहीवर धर्मगुरूंची सही असावी तशीच ही खूण.

याहून सूक्ष्म प्रश्न लिपीचा आहे. पानाचें चित्र ठेवलें तर तें कोणासही वाचतां येतें, पण त्यांत दुरुस्ती करतां येत नाहीं. स्वरलेख जुळविणाऱ्या प्रणालीची मूळ फाइल ठेवली, तर ती प्रणाली बंद पडल्यावर फाइल मुकी होते. फिनाले ही प्रणाली १९८८ पासून जगभर वापरली जात होती. २०२४ सालच्या ऑगस्टांत तिच्या मालकांनीं ती बंद करीत असल्याचें जाहीर केलें. तिच्यांत जुळविलेले स्वरलेख सर्वत्र पसरलेले आहेत, आणि ते म्युझिकएक्सएमएल या सर्वांस खुल्या लिपींत उतरवून ठेवण्याचें काम आतां ज्याचें त्यानें करावयाचें आहे. म्युटोपिया नांवाच्या प्रकल्पानें २००० सालच्या सुमारास आरंभापासूनच निराळा मार्ग धरला. तेथील स्वरलेख लिलीपाँड प्रणालीच्या साध्या अक्षरांत लिहिलेले असतात, आणि ज्याला हवा त्याला संपूर्ण संग्रह, पूर्वींच्या सर्व दुरुस्त्यांसह, आपल्या संगणकावर उतरवून घेतां येतो. म्हणजे प्रत घेणारा प्रत्येक जण ग्रंथपाल होतो. हें शक्य होतें तें परवान्यामुळें. प्रत काढण्याची मोकळीक मूळ लेखांतच दिलेली असल्यामुळें पुढें कोणास परवानगी मागत बसावें लागत नाहीं. आमच्या मतें या सर्व व्यवस्थेंत यंत्रांहून या परवान्याचें महत्त्व अधिक आहे.

युरोपचीं उदाहरणें पुष्कळ झालीं. आमच्या भाषेचें उदाहरण याहून कमी बोलकें नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आले, आणि त्यांनीं मराठींत ‘क्रिस्तपुराण’ रचलें. दोन्ही भाग मिळून त्याच्या ओंव्या दहा हजारांहून अधिक आहेत. तें वाचावयाचें पुस्तक होतें तसेंच गावयाचेंही होतें. देवळांतून तें भाविकांपुढें म्हटलें जाई. १६१६ सालीं राशोल येथें तें प्रथम छापलें गेलें, पुढें १६४९ व १६५४ सालीं पुन्हा छापलें गेलें. या तीनही आवृत्त्यांची एकसुद्धां प्रत आज कोठें उपलब्ध नाहीं. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेविरुद्ध फर्मान काढल्यानंतर अशा ग्रंथांस राजाश्रय उरला नाहीं. मग पुराण वांचलें कसें? भाविकांनीं तें हातानें उतरून घेतलें, आणि त्या उतरलेल्या प्रतींवरून पुन्हा प्रती झाल्या. मंगळूर येथें १९०७ सालीं जोसेफ सल्डाना यांनीं ग्रंथ रोमन लिपींत छापला तो अशाच हस्तलिखितांवरून. देवनागरींतील एक हस्तलिखित विल्यम मार्सडेन या इंग्रज गृहस्थाच्या संग्रहांतून लंडनला गेलें, आणि विसाव्या शतकांत जस्टिन ॲबट यांनीं तें अभ्यासकांच्या नजरेस आणून दिलें. छापखान्यानें तीनदां हात दिला, पण शेवटीं धांवून आला तो बोरू.

मात्र या ओंव्यांचे शब्द आले, चाल कागदावर आली नाहीं. त्या काळीं देवळांत कोणत्या स्वरांत त्या म्हटल्या जात, हें सांगणारा स्वरलेख हस्तलिखितांसोबत आपणांपर्यंत आलेला नाहीं. ही उणीव आम्हांस फार खुपते, आणि या लेखाचें खरें कारणही तेंच आहे. कारण आमच्या धर्मग्रामांतील मराठी गीतांची गोष्ट आज नेमकी तशीच आहे. प्रायश्चित्तकाळांतील क्रुसाच्या वाटेचीं गीतें, नाताळचीं जुनीं गाणीं, पवित्र मातेच्या नोव्हेनाचीं कडवीं, यांचे शब्द गीतसंग्रहांत छापलेले आहेत. चाली मात्र गायकांच्या वह्यांत आहेत, कोठें सारेगमच्या अक्षरांत तर कोठें पांच रेघांवर. आणि कित्येक चाली तर वृद्ध माउल्यांच्या कंठाखेरीज कोठेंच नाहींत. पालेस्त्रीना जगांतील दहा ग्रंथालयांत सुरक्षित आहे. आमच्या वह्या एका लाकडी कपाटांत आहेत, त्या कपाटास पावसाळ्यांत ओल येते, आणि कसर लागलेलीं पानें आम्हीं स्वतः पाहिलीं आहेत.

म्हणून महोत्सवी समितीनें या वह्यांचें काम हातीं घेतलें आहे. प्रत्येक पानाचें छायाचित्र घ्यावयाचें. ज्या चाली लिहिलेल्या नाहींत त्या म्हणवून घेऊन ध्वनिमुद्रित करावयाच्या, आणि मग सवडीनें लिहून काढावयाच्या. कडव्यासोबत गाणाराचें नांव, वाडी व तारीख लिहावयाची. यांत एक कायद्याची गोष्ट ध्यानांत घेतली आहे. आपल्या देशांत रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतो, आणि आमच्या बऱ्याच गीतांचे कर्ते हयात आहेत किंवा अलीकडेच देवाघरीं गेले आहेत. तेव्हां त्यांच्या कुटुंबीयांची लेखी संमति घेतल्यावांचून कोणतेंही गीत आंतरजालावर ठेवावयाचें नाहीं, असें ठरलें आहे. ज्यांनीं संमति दिली त्यांचे आम्ही आभारी आहों; ज्यांच्याकडे अद्याप जाणें झालें नाहीं त्यांनीं गैरसमज करून घेऊं नये.

प्रती तीन होतील. एक धर्मगुरूंच्या कार्यालयांत डिस्कवर राहील, दुसरी शेजारच्या धर्मग्रामाच्या कपाटांत, आणि तिसरी चांगल्या कागदावर छापून, बांधून, गायकवृंदाच्या हातीं. कारण वीज गेली तरी कागद वाचतां येतो. दोन्ही डिस्क वर्षांतून दोनदां, नाताळापूर्वीं व पावसाळा सुरू होण्यापूर्वीं, उघडून आकडे ताडून पाहावयाचे आहेत, आणि पाहणाऱ्यानें वहींत सही करावयाची आहे. मूळ वह्या टाकावयाच्या नाहींत. त्यांच्यासाठीं पत्र्याची पेटी केली आहे. क्रुसाच्या वाटेच्या गीतांतील दोन जुन्या चाली अजून कोणाकडे सांपडलेल्या नाहींत. ज्यांच्या घरीं आजोबा-आजींच्या वह्या असतील, किंवा ज्यांस त्या चाली म्हणतां येत असतील, त्यांनीं रविवारीं दुसऱ्या मिस्सानंतर गायकवृंदाच्या खोलींत भेटावें.